रंगीत क्लास-आकृती

सॉफ्टवेअर लिहिण्याआधी व्यवसायाचे मॉडेल मांडताना यूएमएल या सॉफ्टवेअर-आकृत्यांच्या प्रमाण चिन्हभाषेतल्या क्लास डायग्राममधल्या चौकटींना (प्रत्येक चौकट म्हणजे एक क्लास, एकाच प्रकारच्या गोष्टींचा गट) ठरावीक अर्थाचे चार रंग देण्याची पद्धत. पीटर कोड, एरिक लफेव्र आणि जेफ डी लुका यांच्या 1999 सालच्या पुस्तकातून ती सर्वदूर पोहोचली. सिंगापूरमधील एका बँकेच्या प्रकल्पातून पुढे आलेल्या फीचर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट या कार्यपद्धतीशी तिचे जवळचे नाते आहे. सुरुवातीला त्या काळी मिळणाऱ्या रंगीत चिकट चिठ्ठ्या वापरल्या गेल्या, आणि तेच रंग कायम झाले.

गुलाबी रंग घटनेचा : जी एका क्षणी घडते किंवा काही काळ चालते आणि जिची नोंद व्यवहारासाठी किंवा कायद्यासाठी ठेवावीच लागते. पिवळा भूमिकेचा. हिरवा व्यक्ती, संस्था, जागा किंवा वस्तूचा. निळा वर्णनाचा, म्हणजे अनेक वस्तूंना सारखीच लागू पडणारी माहिती.

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद घेतली तर ही विभागणी लगेच ध्यानात येते. शेतकऱ्याची पोती अडत दुकानात उतरतात ती आवक. मग सौदा, मग वजन, मग हमाली-तोलाई वजा करून हातात पडणारी हिशोबपट्टी, आणि शेवटी पैसे चुकते. हे सगळे क्लास गुलाबी, आणि एकामागून एक साखळीत जोडलेले. राजापुरी, सेलम हे वाण निळे. प्रत्यक्ष पोती, दुकानाचा गाळा, माल ठेवायचे गोदाम किंवा पूर्वी हळद साठवत ते हरिपूरचे पेव (जमिनीखालचे कोठार) हे हिरवे.

पिवळ्या रंगाचे मोल मात्र नवख्याला उशिरा कळते. एकच पेढी एका सौद्यात अडत्या असते, तर दुसऱ्यात खरेदीदार. ‘अडत्या’ आणि ‘खरेदीदार’ असे दोन स्वतंत्र हिरवे क्लास केले, की त्याच पेढीचे नाव, पत्ता, बँक खाते दोन ठिकाणी नोंदले जाते. पत्ता बदलला तर एकीकडे जुनाच राहतो. म्हणून पेढी हिरवी आणि एकदाच. तिला जोडलेल्या भूमिका पिवळ्या, प्रत्येकीचा परवाना क्रमांक वेगळा. सौदा पेढीला थेट जोडत नाहीत, भूमिकेला जोडतात. त्यामुळे ‘या खरेदीदाराची उधारी किती’ हा हिशोब भूमिकेपाशीच होतो, अडतीचा हिशोब त्यात मिसळत नाही.

रंगामागे नुसती सजावट नसते. प्रत्येक रंगाचे नेहमीचे गुणधर्म, नेहमीची कामे आणि नेहमीचे शेजारी ठरलेले असतात. गुलाबी चौकट दिसली की तारीख, क्रमांक आणि स्थिती विचारायची. एकूण रक्कम कोण काढणार, रद्द कसे होणार, आधीची घटना कोणती आणि पुढची कोणती हेही विचारायचे. सौद्यापुढे वजनाचा क्लासच काढलेला नसेल, तर साखळीतली ती फट कोड लिहिण्याआधी कागदावरच सापडते. याच कारणासाठी शोधाची सुरुवात गुलाबीपासून करतात आणि त्यानंतर भूमिकांकडे वळतात. अनेक जण शेतकरी, दुकान, पोते अशी नामांची यादी करून प्रारंभ करतात. अशी आकृती पाहायला भरगच्च असते, पण व्यवसाय चालतो कसा हे तिच्यातून कळत नाही.

चार रंगांच्या या नेहमीच्या जोडणीचा एक साचाही आहे. तो कोणत्याही एका व्यवसायाला बांधलेला नाही. हळदीच्या जागी बेदाणा आला किंवा साखर कारखान्याची ऊसतोडणी आली, तरी तोच साचा हाताशी धरता येतो. जिथे व्यवहाराच्या नोंदी हा गाभा नाही, उदाहरणार्थ कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) किंवा चित्रे रेखाटण्याचे सॉफ्टवेअर, तिथे मात्र ही पद्धत फारशी उपयोगी पडत नाही.

यूएमएलच्या प्रमाण संकेतांत रंगाला स्वतःचा अर्थ नाही. त्यामुळे प्रत्येक चौकटीत क्लासच्या नावावर दुहेरी कोनी अवतरणात प्रकारही लिहितात : «घटना», «भूमिका». काळ्या-पांढऱ्या छपाईत आणि रंगांधळेपणा असलेल्या सहकाऱ्यासाठी तो शब्दच आधार असतो. तो गाळू नये.