व्हेरिकोज व्हेन्सच्या ऑपरेशनमधे रक्त कसं वाचवतात

व्हेरिकोज व्हेन्सचं, म्हणजे पायातल्या फुगलेल्या नसांचं ऑपरेशन म्हटलं की आधी रक्ताचीच भीती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही, नसा फुगून तट्ट झालेल्या असतात. पण रक्त वाचवायची सगळ्यात जुनी युक्ती फुकटातली आहे, टेबल पायाकडून उचलायचं, बस.

आपण उभे असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंतच्या सगळ्या रक्ताचा भार खाली येतो आणि घोट्याजवळच्या नसेत 80-90 मिमी पाऱ्याइतकं प्रेशर असतं, गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जोर येतो तसंच. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, नसांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. व्हेरिकोजमधे या झडपाच गळक्या. पण पाय हृदयाच्या वर गेला की तीच नस रिकामी होऊन चपटी पडते. (घरी अशी नस फुटली तर लोक उभ्या उभ्या पाय नळाखाली धरतात, म्हणजे नेमकं उलटं. आडवं व्हा, पाय वर घ्या, फडक्याने दाबून धरा आणि मग दवाखाना गाठा.)

1907 मधे अमेरिकेत बॅबकॉक नावाच्या सर्जनने नसेच्या आतून तार घालून अख्खी नस ओढून काढायची पद्धत आणली. ओढताना बाजूच्या फांद्या तुटतात, त्यातून रक्त येतं आणि मांडी काळीनिळी पडते. म्हणून ओढताना पाय वरच ठेवतात आणि लगेच घट्ट पट्टी बांधतात.

त्याच्याही पुढचा उपाय टूर्निकेट, म्हणजे रक्त अडवायला आवळलेला पट्टा. आधी पायाच्या बोटांपासून वरपर्यंत रबरी पट्टी गुंडाळून रक्त पिळून काढायचं, ही 1873 ची एस्मार्क या जर्मन सर्जनची आयडिया, मग मांडीवरचा पट्टा हवेने फुगवायचा. इथे एक गंमत आहे, गंमत म्हणजे धोकाच, पट्टा अर्धवट फुगवला तर वर जाणारं रक्त अडतं पण धमनीतून येणारं चालूच राहतं, मग रक्तस्राव उलट वाढतो. म्हणून पट्टा धमनीच्या प्रेशरच्या वर न्यावाच लागतो. पायात आधी गुठळी झालेली असेल किंवा धमन्या अरुंद असतील तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

माझ्या मते खरी क्रांती केली ती ट्युमेसंट भुलीने. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ती लायपोसक्शनसाठी (चरबी शोषून काढायला) काढली होती. भरपूर सलाइनमधे थोडं लिडोकेन (बधिर करायचं औषध) आणि अगदी किंचित अ‍ॅड्रेनालिन मिसळून नसेभोवती सोडायचं, पाण्याच्या दाबाने नस चेपते, अ‍ॅड्रेनालिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तो भाग बधिरही होतो. लेझरच्या ऑपरेशनमधे तर नस ओढायचीच नाही, आतल्या आत जाळून बंद करायची, तिथे हेच पाणी आजूबाजूच्या भागाला भाजण्यापासून वाचवतं.

आणि हो, अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनना आधीच सांगा, मनाने बंद करू नका, त्या हृदयासाठी दिलेल्या असू शकतात.