कमी हवा दिली आणि जास्त रुग्ण वाचले

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एका श्वासात किती हवा द्यायची? या साध्या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर मिळायला २००० साल उजाडलं. आणि मिळालं ते अनेकांच्या अंदाजाच्या उलट.

न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, मोठा अपघात. कारण कोणतंही असो, फुप्फुसाची गत एकच होऊ शकते. वायुकोशांभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, वायुकोश पाण्याने भरतात आणि मास्कने ऑक्सिजन देऊन भागत नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९६७ साली अशा १२ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज या अवस्थेला एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) म्हणतात.

रक्तात ऑक्सिजन कमी, तर हवा जास्त ढकला, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर हवा सर्रास दिली जाई. पुढे सीटी स्कॅन आले आणि त्यात वेगळंच दिसलं. फुप्फुस सगळीकडे सारखं बिघडलेलं नसतं. उताण्या रुग्णाच्या पाठीकडचा भाग मिटलेला असतो, उघडा उरलेला भाग जेमतेम लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा. मोठ्या माणसाची सगळी हवा त्या एवढ्याशा भागात शिरत होती आणि तोही ताणून जखमी होत होता.

मग अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून चाचणी घेतली. ८६१ रुग्ण, दोन गट. एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटर, दुसऱ्याला ६. (वजन काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं, चरबी वाढली म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत.) पहिल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की सुरुवातीच्या दिवसांत रक्तातला ऑक्सिजन १२ मिलिलिटरवाल्यांचा चांगला होता. नुसते आकडे पाहून निवड केली असती, तर जास्त मृत्यू होणारा उपचारच जिंकला असता.

गंभीर आजारांच्या संशोधनात हा चकवा पुन्हा पुन्हा भेटतो. नायट्रिक ऑक्साइड वायू हुंगवला की ऑक्सिजन वाढतो, पण मृत्यू घटत नाहीत. इन्शुलिनने रक्तातली साखर काटेकोर राखणं किती शहाणपणाचं वाटतं! पण २००९ साली ६ हजारांहून अधिक आयसीयू रुग्णांच्या चाचणीत काटेकोर गटातच मृत्यू जास्त झाले: २७.५ टक्के, दुसऱ्या गटात २४.९.

रुग्णाला दिवसाचे सोळा तास पालथं झोपवणं हा उपाय मात्र टिकला. त्याला ना महागडं औषध लागतं ना नवं यंत्र. लागतात नळ्या न निसटू देता रुग्णाला वळवणारे सरावलेले चार-पाच हात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधल्या चाचणीत तीव्र आजाराच्या ४६६ रुग्णांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. नंतरच्या विश्लेषणात दिसलं, की पालथं झोपवल्यावर ज्यांचा ऑक्सिजन सुधारला नाही, त्यांनाही फायदा झाला होता. म्हणजे फायद्याचं कारण ऑक्सिजन वाढणं नव्हे, तर ताण साऱ्या फुप्फुसावर वाटला जाणं, हे जास्त पटतं.

औषधांची कहाणी निराशेचीच म्हणावी लागेल. साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषध शिरेतून दिलं, तर अपाय झाला. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनीही मृत्यू घटले नाहीत. मोठा अपवाद कोव्हिडचा: २०२० साली डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले.

माझ्या मते खरी अडचण औषधांपेक्षा रुग्णांच्या गटातच आहे. एआरडीएस हा एकच रोग नाही. रक्तातल्या प्रथिनांवरून निदान दोन प्रकार वेगळे काढता येतात: दाह प्रचंड भडकलेला आणि तुलनेने शांत. सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या निष्फळ ठरलेल्या चाचणीची आकडेवारी या निकषावर पुन्हा तपासली, तेव्हा भडकलेल्या गटात औषध मिळालेले जास्त रुग्ण जगल्याचं दिसलं. रोसुव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनच्या चाचणीत मात्र तसं काही आढळलं नाही. त्यामुळे मागे वळून केलेल्या या हिशेबावर उपचार ठरवता येणार नाहीत. आधी प्रकार ओळखून मग औषध देणाऱ्या चाचण्याच हव्यात. आणि ती ओळख रुग्णाच्या खाटेजवळ, काही तासांत पटवावी लागेल.