संसर्ग नियंत्रण परिचारिका

रुग्णालयात दाखल झाल्यावर रुग्णांना जडणारे संसर्ग रोखणारी, मोजणारी आणि त्यांचा माग काढणारी परिचारिका. असे स्वतंत्र पद प्रथम इंग्लंडमधील टॉर्बे येथे १९५९ मध्ये निर्माण झाले. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या संसर्गाने तेव्हा तिथली रुग्णालये हैराण झाली होती.

किती खाटांमागे एक परिचारिका हवी, याचा जुना हिशेब रुग्णालयातील संसर्ग रोखण्याच्या उपायांचा परिणाम तपासणाऱ्या अमेरिकेतील ‘सेनिक’ पाहणीतून आला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, २५० खाटांमागे एक परिचारिका, प्रशिक्षित डॉक्टर, नियमित देखरेख आणि शल्यचिकित्सकांना त्यांच्याच जखम-संसर्गाचे आकडे कळवण्याची पद्धत, हे सारे जिथे होते तिथे संसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी टळू शकले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २५० ही किमान मर्यादा ठेवली; शंभर खाटांमागे एक असणे अधिक चांगले, असेही म्हटले.

मध्यम रुग्णालयाची अडचण या सूत्रात दिसत नाही. दीडशे खाटांना एक सिस्टर म्हणजे कागदावर पुरेसे. पण बहुधा तिच्याकडेच बायोमेडिकल वेस्ट, नव्या स्टाफचे प्रशिक्षण आणि मानांकनाच्या फायली असतात. ती रजेवर गेली की मोजणी थांबते. मोजणी म्हणजे रोज ठरल्या वेळी वॉर्डात किती रुग्णांना कॅथेटर (शरीरात घातलेली नळी) आहे, हे नोंदवणे; या रोजच्या आकड्यांची बेरीज म्हणजे कॅथेटर-दिवस. महिन्यात असे १,४०० कॅथेटर-दिवस भरले आणि ७ संसर्ग आढळले, तर दर हजारी ५. दिवसच नीट मोजले नाहीत तर संसर्गाचा दर निरर्थक ठरतो. म्हणून प्रत्येक वॉर्डातील एका परिचारिकेला ‘लिंक नर्स’, म्हणजे त्या वॉर्डापुरती संसर्ग नियंत्रण परिचारिकेची दुवा, म्हणून नेमतात. मात्र ड्युटीत तिला त्यासाठी वेळ दिला नाही, तर ते पद नावापुरतेच उरते.

अशा रुग्णालयांना बाहेरून आधार मिळावा, याची ठोस व्यवस्था जपानने लावली. २०१२ पासून तेथील वैद्यकीय शुल्करचनेत मोठ्या रुग्णालयांनी आसपासच्या लहान रुग्णालयांसोबत वर्षातून किमान चार संयुक्त बैठका घेणे हे जादा मोबदल्याशी जोडले गेले. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ असे चौघांचे पथक त्यात असते. २०२२ च्या फेररचनेत दवाखान्यांसाठीही वेगळा मोबदला ठरला.

भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ या रुग्णालय-स्वच्छतेच्या योजनेत एका सरकारी रुग्णालयाचे मूल्यांकन दुसऱ्या रुग्णालयाचे लोक करतात. ओळखी त्यातून होतात, पण भेट गुणांसाठी असल्याने अडचणी मोकळेपणाने मांडण्याऐवजी झाकण्याकडेच कल राहतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नसलेल्या रुग्णालयाला कल्चर रिपोर्टचा (नमुन्यात कोणते जंतू वाढले, याच्या अहवालाचा) अर्थ विचारायला हक्काचा माणूस लागतो, आणि ती सोय बहुतेक ठिकाणी वैयक्तिक ओळखीवरच चालते.