सॉफ्टबॉल, कॉलेज आणि तुमची मुलगी: आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात जागा मिळावी म्हणून आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "दहा कॉलेजांना ईमेल टाकून दोन महिने झाले, एकाचंही उत्तर नाही. हिच्यात काही कमी आहे का?"

मुलगी नववी-दहावीत असेल तर कमी काही नाही, नियम तसा आहे. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटातल्या सॉफ्टबॉल कोचला खेळाडूच्या अकरावीतल्या १ सप्टेंबरपर्यंत तिच्याशी भरतीबद्दल बोलता येत नाही. फोन नाही, मेसेज नाही, कॉलेजला बोलावणंही नाही. हा नियम २०१८ सालचा. त्याआधी सातवी-आठवीतल्या मुलींकडून तोंडी होकार घेतले जायचे! आता अकरावीतल्या त्या तारखेपर्यंत कोच फार तर प्रश्नावली किंवा कॅम्पचं पत्रक पाठवेल. ते आलं म्हणून नातेवाइकांना कळवायची घाई करू नका, असली पत्रकं ढिगाने जातात. पण उत्तर द्यायला बंदी असली तरी मेल वाचायला नाही, त्यामुळे लिहीत राहायचं. डिव्हिजन टूमध्ये ही बंदी दहावी संपल्यावर १५ जूनला उठते. डिव्हिजन थ्री आणि एनएआयए या दुसऱ्या कॉलेज-खेळ संघटनेचे कोच त्याआधीही उत्तर देऊ शकतात.

मेल मुलीनेच लिहायचा

यावर आमचं पालकांशी सगळ्यात जास्त वाजतं. एका बाबांनी लिहिलेला मेल आम्ही पाहिला होता. इंग्रजी उत्तम, पाच परिच्छेद, मुलीची शिस्त, घरचे संस्कार, स्वतः जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळल्याचा उल्लेख. मुलगी कोणत्या जागेवर खेळते हे मात्र कुठेच नव्हतं. कोचला चार वर्षं त्या मुलीबरोबर काढायची आहेत, बाबांबरोबर नाही.

विषयाच्या ओळीत चार गोष्टी पुरतात: हायस्कूल संपण्याचं वर्ष, जागा, कोणत्या हाताने खेळते, ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरचा क्लब संघ). "२०२८, कॅचर, उजवा हात" एवढं वाचलं की कोचला कळतं, आपल्याला त्या वर्षी कॅचर (सॉफ्टबॉलची यष्टिरक्षक) लागणार आहे की नाही. आत जर्सीचा नंबर, जीपीए (४ पैकी सरासरी गुण), पुढच्या स्पर्धेतल्या सामन्यांची वेळ आणि मैदान क्रमांक, व्हिडिओची लिंक. आणि त्याच कॉलेजबद्दल एक खरं वाक्य, जे दुसऱ्या कॉलेजच्या मेलमध्ये चिकटवता येणार नाही. उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धांना कोच हातात यादी घेऊनच फिरतात. त्या यादीत नाव असेल तर तुमच्या मैदानाशी थांबतील, नाहीतर पुढे जातील.

व्हिडिओ

आमची चूक आधी सांगतो. सुरुवातीला बनवलेल्या एका व्हिडिओत आम्ही ४० सेकंद नाव झळकवलं, मागे संगीत, स्लो मोशनमध्ये धूळ उडते आहे. दिसायला झकास. एका कोचने कळवलं की पहिला स्विंग दिसायच्या आत त्यांनी तो बंद केला. तेव्हापासून आमचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा असतो आणि पहिल्या पाच सेकंदांत चेंडू दिसतो.

कॅचर असेल तर पॉप टाइम दिसायला हवा: चेंडू मिटमध्ये (तिच्या ग्लव्हमध्ये) आपटल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ, मध्ये कट न मारता. डावखुरी स्लॅपर (धावत सुटतानाच चेंडू मारणारी) असेल तर बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही, कोच स्वतः स्टॉपवॉच लावतो. ६० फुटांच्या त्या धावेत २.८ सेकंद आणि ३.१ सेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिचर (चेंडू टाकणारी) असेल तर एक कोन कॅचरच्या मागून हवाच. ४३ फुटांवरून येणारा राइज बॉल खरंच वर जाताना भासतो की नुसता उंच पडतो, ते तिथूनच कळतं. चुकलेले एक-दोन चेंडूही आम्ही राहू देतो.

अभ्यास

आपल्या घरांत याची काळजी आधीच असते, म्हणून मोजकंच. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर (मुख्य अभ्यासाचे) विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. त्यांपैकी १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्यांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. या दहांचे गुण नंतर विषय पुन्हा घेऊन सुधारता येत नाहीत. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट २०२३ मध्ये गेली, पण ती एनसीएएची. कॉलेजची स्वतःची असू शकते.

पैशांचं काय

"फुल राइड मिळेल ना?" बहुतेकींना अशी पूर्ण खर्चाची स्कॉलरशिप मिळत नाही. डिव्हिजन वनच्या संघाकडे वर्षानुवर्षं १२ स्कॉलरशिप असत, त्या वीसेक मुलींत वाटल्या जात. डिव्हिजन टूकडे ७.२. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उरली नाही, पण संघात २५ च खेळाडू ठेवता येतात. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) तयार खेळाडू मिळत असताना कोच हायस्कूलची मुलगी जपून घेतो.

डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ कॉलेजांत) खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच. म्हणून पालक ती नावं यादीतून काढून टाकतात, आणि आम्हाला ते पटत नाही. सर्वांत जास्त सॉफ्टबॉल संघ डिव्हिजन थ्रीमध्येच आहेत. चांगल्या गुणांवर किंवा उत्पन्नानुसार मिळणारी मदत कधीकधी अर्धवट स्कॉलरशिपपेक्षा भरते. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून बघू.

तोंडी होकार कोणालाच बांधत नाही, तुम्हालाही नाही आणि कॉलेजलाही नाही. दोघांना बांधून घेणारं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे पत्र २०२४ मध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या लेखी करारावर. तो हातात येईपर्यंत बाकीच्या कोचशी बोलणं तोडू नका.

आमचं काम

व्हिडिओ, कॉलेजांची यादी, मेलची उजळणी, आकडेमोड. स्कॉलरशिपची हमी आम्ही देत नाही. कोणी देत असेल तर पैसे भरण्याआधी ती लेखी मागा.

पहिल्या भेटीला ट्रान्सक्रिप्ट (शाळेचं गुणपत्रक), उन्हाळ्याचं स्पर्धांचं वेळापत्रक आणि मुलगी, तिन्ही बरोबर आणा. पहिला अर्धा तास आम्ही तिच्याशीच बोलतो, आई-बाबांसाठी बाहेर चहा आहे.