जिल्हा न्यायाधीश

जिल्ह्यातील न्यायव्यवस्थेचे प्रमुख पद. दिवाणी दावे व अपिले चालवताना जिल्हा न्यायाधीश आणि खून-दरोड्यासारखे खटले चालवताना सत्र न्यायाधीश अशा दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात, म्हणून दालनाबाहेरच्या पाटीवर ‘जिल्हा व सत्र न्यायाधीश’ असे लिहिलेले दिसते. एका जिल्ह्यात असे अनेक न्यायाधीश असतात. त्यांतील प्रमुखांना प्रधान जिल्हा न्यायाधीश म्हणतात. सत्र न्यायाधीशांना फाशीचीही शिक्षा देता येते, मात्र उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

या पदाकडे दोन वाटांनी जाता येते. पहिली लांबची: कायद्याची पदवी, स्पर्धा परीक्षा, मग दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर आणि पदोन्नती. तोपर्यंत अनेक तालुक्यांचे पाणी पिऊन झालेले असते. दुसरी वाट थेट भरतीची. संविधानाच्या अनुच्छेद २३३ नुसार किमान ७ वर्षे वकिली केलेल्यांना ती खुली आहे. सेवेतील न्यायाधीशांना ती दीर्घकाळ बंद होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वकिली व न्यायिक सेवा मिळून ७ वर्षे भरत असतील तर त्यांनाही पात्र ठरवले. नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. खालच्या न्यायालयांवर नियंत्रण मात्र अनुच्छेद २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाचे. न्यायाधीशाला जिल्ह्यातल्या कोणत्याही पुढाऱ्याकडे पाहावे लागत नाही, ते या तरतुदीमुळे. भारतात या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महिला अॅना चंडी. १९३७ मध्ये त्रावणकोरात मुन्सिफ (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश) आणि १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश.

न्यायाधीशाने समाजात किती मिसळावे, हा या पदाचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले. न्यायदानाची नोकरी सांभाळून ते लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या सार्वजनिक सभेच्या कामाचा आधार राहिले, आणि १८८४ मध्ये मुलींसाठी हुजूरपागा शाळा उभी करणाऱ्यांतही ते होते. सरकारला हे खटकत असे. त्यांच्या नाशिक-धुळ्याच्या बदल्यांमागे सरकारचा संशय सांगितला जातो. आज कोणा न्यायाधीशाला रानड्यांसारखे वागता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या हातून आज शाल-श्रीफळ घ्यावे, तोच उद्या पक्षकार म्हणून समोर उभा राहू शकतो. म्हणून सत्कार, उद्घाटने, घरगुती समारंभ टाळायचे असतात. लहान शहरात हे पाळणे सोपे नसते. त्या एकटेपणाची किंमत न्यायाधीशाच्या घरच्यांनाही मोजावी लागते.

समाजात जाण्याची एक वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ (अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून) अन्वये जिल्हा न्यायाधीश हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देणे हे या प्राधिकरणाचे काम. गावोगावी होणारी कायदेविषयक शिबिरेही तेच भरवते.

या कामाचा खरा कस लोकअदालतीत लागतो. त्या दिवशी न्यायालयाच्या आवारात मांडव असतो, टेबलामागे न्यायाधीशासोबत वकील किंवा समाजसेवक बसतात. मोटार अपघातात नवरा गेलेली बाई एका बाजूला, विमा कंपनीचे वकील दुसऱ्या बाजूला. रक्कम थोडी थोडी वर सरकते, बाई भावाकडे पाहते, भाऊ मान हलवतो, तडजोडीच्या कागदावर सही किंवा अंगठा उमटतो. या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा (अंतिम निर्णयाचा) दर्जा असतो, त्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्याला याचे मोल विचारावे. फक्त बाई थकून ‘हो’ म्हणते आहे की समजून, हे ओळखण्याची जबाबदारी टेबलामागच्यांची असते, आणि ती निकालपत्र लिहिण्याइतकीच मोठी आहे.

कारागृह हे दुसरे ठिकाण. कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीचे अध्यक्षपदही जिल्हा न्यायाधीशांकडे असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीच कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यालाही हा लाभ नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेल्यांची नावेही याच समितीपुढे येतात.