मासिकाकडे साहित्य पाठवण्याची रीत : पार्श्वभूमी

मराठी नियतकालिकांकडे कथा-कविता पाठवताना जे संकेत पाळले जातात, ते छापखान्याची सोय, टपालाचा खर्च आणि संपादकाचा अधिकार या तिन्हींच्या ओढाताणीतून घडत गेले.

आरंभीच्या काळात बाहेरून साहित्य मागवावे इतका मोठा लेखकवर्गच नव्हता. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘मोचनगड’ ही कादंबरी क्रमशः छापून आली, तीही संपादक रा. भि. गुंजीकर यांचीच, १८९० साली हरि नारायण आपटे यांनी सुरू केलेल्या ‘करमणूक’चा बराचसा मजकूरही त्यांच्याच लेखणीतून उतरत असे. कवितेची गोष्ट थोडी निराळी होती. ना. न. फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावातून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक काढले आणि मुंबई-पुण्याबाहेरही कविता पाठवण्याचे एक हक्काचे ठिकाण तयार झाले.

का. र. मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ काढले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला. या प्रथेने लेखकांना एक वार्षिक वेळापत्रक लावून दिले. दिवाळीला अंक हाती पडायचा तर जुळणी, चित्रे, छपाई आणि बांधणी यांसाठी काही महिने हाताशी हवेत. त्यामुळे संपादकांची निमंत्रणपत्रे उन्हाळ्यातच निघत आणि पावसाळा सरेपर्यंत अंक भरत आलेला असे. निमंत्रितांच्या यादीत नसलेल्या नवोदिताला उरलेल्या पानांवर समाधान मानावे लागे, आणि ही विषमता अजूनही संपलेली नाही.

कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहावे, ही अट आज शिस्तीचा भाग वाटते. मुळात ती छापखान्यात शिशाची अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवणाऱ्याच्या सोयीची होती. एकच संहिता अनेकदा दोघा-तिघा जुळाऱ्यांत वाटून दिली जाई, आणि पाठीमागेही मजकूर असला की ते जमत नसे. स्थळप्रत, म्हणजे साहित्याची स्वतःसाठीची नक्कल, लेखकाने स्वतःजवळ ठेवावी आणि नापसंत साहित्य परत हवे असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे, या सूचनांमागे तर सरळसरळ पैशांचा हिशेब होता, कारण परतीचा टपालखर्च तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्या मासिकांना झेपणारा नव्हता.

याच पाकिटातून येणाऱ्या ‘साभार परत’च्या चिठ्ठीला ‘सत्यकथे’च्या काळात विलक्षण वजन आले. मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या या मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे आलेली कथा बारकाईने वाचत, तिच्यातल्या उणिवा पत्राने कळवत आणि पुनर्लेखन सुचवत. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या कथाकारांच्या कथा तेथे येत. साहजिकच तेथे छापून येणे ही एक प्रकारची मान्यता ठरली. बडोद्याहून पु. आ. चित्रे यांनी १९४३ पासून चालवलेल्या ‘अभिरुची’नेही नव्या लेखकांना जागा दिली, तरी दबदबा खरा ‘सत्यकथे’चाच.

मात्र संपादकाची चाळणी जितकी बारीक, तितकी ती कोणाच्या अभिरुचीची, हा प्रश्नही टोकदार होतो. साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांनी, म्हणजे लेखकांनी स्वतःच अधूनमधून काढलेल्या छोट्या अंकांनी, तो उघडपणे विचारला. ‘वाचा’, ‘असो’, ‘येरू’ यांसारखे अंक निघाले, काही चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) स्वरूपातही. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. माझ्या मते या होळीपेक्षाही मोठे काम त्याच सुमारास औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी उभे केलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने केले, दलित लेखकांना तेथे स्वतःच्या भाषेबद्दल आधी खुलासा करावा लागत नव्हता.

१९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. पुढे संगणकीय अक्षरजुळणी आली तेव्हा फॉन्ट न जुळल्यामुळे अक्षरे विस्कटण्याचा त्रास सुरू झाला आणि युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती रुळल्यावर तो कमी झाला. ई-मेलने टपालखर्च संपवला, पण परतीचे पाकीटही संपवले. आता अनेक अंकांच्या आवाहनात ‘निवड झाल्यासच कळवले जाईल’ असे छापलेले असते. त्यामुळे आपली कथा नाकारली गेली की अजून वाचलीच गेली नाही, हे लेखकाला समजत नाही आणि ती दुसरीकडे केव्हा पाठवावी, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.