यकृत प्रत्यारोपणातील प्राणवायू-वापराचे मापन

शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचे शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू खर्च करते, याचा भूलतज्ज्ञाने ठेवलेला हिशेब. स्वस्थ पडलेल्या प्रौढाचा हा खर्च मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर असतो. भुलीखाली आणि अंग गार पडल्यावर तो घटतो.

बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर हा खर्च दाखवत नाही. धमनीतल्या रक्तात प्राणवायू कितपत भरला आहे, एवढेच तो सांगतो. पेशींनी त्यातला किती उचलला हे हृदयाकडे परतणाऱ्या रक्तावरून कळते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेले तत्त्व इथे कामी येते : लिटरभर धमनीरक्तात २०० मिलिलिटर प्राणवायू, परतीच्या रक्तात १५० आणि हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलते, तर खर्च ५० गुणिले ५, म्हणजे २५० मिलिलिटर. परतीच्या रक्ताचा नमुना फुप्फुस-धमनीतून, म्हणजे परतलेले रक्त हृदयातून फुप्फुसांकडे नेणाऱ्या वाहिनीतून घेतात. १९७० मध्ये हृदयरोगतज्ज्ञ स्वॉन आणि गँझ यांनी टोकाला फुगा असलेले कॅथेटर (रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी) आणल्यावर हे काम रुग्णाच्या खाटेशीच होऊ लागले. आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या श्वासातील फरकावरूनही खर्च काढता येतो; मात्र रुग्णाला जवळजवळ शुद्ध प्राणवायू दिला जात असेल, तर मापनातली बारीकशी चूकही उत्तर पार बिघडवते.

यकृताचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतील प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा ते एकटे वापरते. म्हणूनच जुने यकृत काढल्यापासून नव्यात रक्त सोडेपर्यंतच्या यकृतविरहित अवस्थेत खर्च खाली येतो. ही घट अपेक्षितच. पण अधोमहाशीर (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर) चिमट्याने बंद केली असेल, तर हृदयाकडे परतणारे रक्तही कमी होते. मग आकडा यकृत नसल्यामुळे उतरला की ऊतींना प्राणवायूच पोहोचत नाही म्हणून, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारे लॅक्टेटही इथे पुरता निर्वाळा देत नाही, कारण ते साफ करणारे यकृतच जागेवर नसते.

रक्तप्रवाह सुरू झाल्यावर खर्च पुन्हा चढू लागला, तर नवे यकृत कामाला लागल्याची ती एक खूण. तो चढत नसेल आणि लॅक्टेटही उतरत नसेल, तर नव्या यकृताविषयी शंका घेतात.

सिरॉसिसच्या (यकृत व्रणांनी कठीण होण्याच्या आजाराच्या) रुग्णात आणखी एक चकवा असतो. त्याचे हृदय मुळातच जास्त रक्त ढकलते, त्यामुळे परतीच्या रक्तात प्राणवायू भरपूर उरतो. निरोग्यात ६५ ते ७५ टक्के असणारी परतीच्या रक्ताची संपृक्तता, म्हणजे त्यात प्राणवायू भरलेला असण्याचे प्रमाण, इथे ८० च्या वर दिसली, म्हणून ऊतींची गरज भागली असे धरता येत नाही.